प्रसूतिपूर्व तपासण्यांची संख्या वाढवली तर बाळंतपणे अधिक सुखरूप होतील का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कमी उत्पन्नाच्या काही देशांतील माता-आरोग्य कार्यक्रमाची आखणी आपण करत आहात. हाती आलेल्या सर्वेक्षणात ज्या स्त्रियांच्या आठ किंवा त्याहून अधिक तपासण्या झाल्या त्यांच्यात अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची आणि मृत जन्मलेली बाळे बरीच कमी दिसतात. तेव्हा सगळा निधी तपासण्या चारवरून आठवर नेण्यासाठीच खर्च करावा का, असे आपण विचारले आहे. मी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची डॉक्टर असून, प्रसूतीच्या कामाबरोबर तपासणी केंद्रांची पाहणी आणि परिचारिकांचे प्रशिक्षण हेही माझे नेहमीचे काम आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की तपासण्या वाढवाव्यात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. पण आपल्या सर्वेक्षणातला फरक हे त्यासाठीचे कारण मानू नये आणि सगळा निधी तर त्यावर मुळीच लावू नये.

आधी सर्वेक्षणाकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वेळापत्रकानुसार पहिली भेट १२ आठवड्यांच्या आत आणि पुढच्या भेटी २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्यांत व्हायला हव्यात. आता अशी एक स्त्री डोळ्यांसमोर आणा, जिने एकही भेट चुकवली नाही, पण जिला ३३ व्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. तिच्या कार्डावर १२, २०, २६ आणि ३० अशा चारच नोंदी असणार, कारण पाचव्या भेटीचा दिवस उजाडण्याआधीच ती बाळंत झाली. आपल्या तक्त्यात ती ‘कमी तपासण्या’ या रकान्यात जाते आणि तिचे अपुऱ्या दिवसांचे, साहजिकच कमी वजनाचे बाळही तिथेच मोजले जाते. याउलट आठ तपासण्यांचा टप्पा गाठायचा तर गरोदरपण ४० आठवड्यांपर्यंत टिकावे लागते. म्हणजे तपासण्या कमी झाल्या म्हणून बाळ लवकर आले असे नसून, बाळ लवकर आले म्हणून तपासण्या कमी भरल्या असेही अनेक ठिकाणी घडलेले असते. ३१ व्या आठवड्यात पोटातच दगावलेल्या बाळाच्या बाबतीतही हेच लागू होते. केवळ या एका कारणामुळे, तपासणीत काहीही उपयोगी घडत नसले तरी, आठ भेटींचा गट सुरक्षित दिसेल.

याशिवाय वारंवार तपासणीला येऊ शकणारी स्त्री बहुधा अधिक शिकलेली, दवाखान्याजवळ राहणारी आणि प्रवासाचा खर्च व बुडालेली मजुरी सोसू शकणारी असते. तिचे बाळंतपण तसेही तुलनेने सुखरूपच झाले असते. गोष्ट उलट दिशेनेही घडते, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. जुळी आहेत, रक्तदाब वाढला आहे, मागचे बाळ मृत जन्मले आहे, अशा स्त्रीला आम्ही स्वतःच दर आठवड्याला बोलावतो. त्यामुळे जिथे आरोग्यसेवा चांगली आहे तिथे अधिक तपासण्यांच्या गटात धोक्याच्या केसेस जास्त असतात आणि तपासणीचा खरा फायदा आकड्यांत झाकला जातो. सारांश, अशा आकड्यांतला फरक कधी फुगलेला असतो, तर कधी दबलेला.

आपल्याच आकड्यांची मांडणी थोडी बदलून पाहता येईल. ज्या स्त्रियांचे गरोदरपण ३२ आठवड्यांपर्यंत सुरू होते आणि तेव्हा बाळ जिवंत होते, तेवढ्याच घ्या. तोपर्यंत झालेल्या तपासण्या मोजा आणि त्यानंतर काय घडले ते ताडून पाहा. फरक बराच आटेल असा माझा अंदाज आहे. मात्र त्यासाठी गरोदरपणाचे आठवडे बरोबर मोजलेले हवेत आणि अनेक ठिकाणी शेवटच्या पाळीची तारीख नीट नोंदलेलीच नसते. घरी झालेल्या बाळंतपणांत बाळाचे वजन बहुधा केलेले नसते, त्यामुळे वजनाच्या तक्त्यातून सर्वांत जोखमीची बाळेच गळालेली असतात, हेही तपासून पाहावे.

मग खरा पुरावा कुठे आहे? दरमहा, मग पंधरवड्याने आणि शेवटी दर आठवड्याला बोलावण्याची जुनी पद्धत ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने १९२९ साली आखून दिली आणि ती जगभर पसरली, पण ती कुठल्याही चाचणीतून निघालेली नव्हती. तिची मोठी पारख अर्जेंटिना, क्यूबा, सौदी अरेबिया आणि थायलंड या चार देशांतल्या ५३ केंद्रांत, सुमारे साडेचोवीस हजार स्त्रियांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला मोजक्या, ठरावीक उद्देशाच्या भेटी दिल्या होत्या, दुसऱ्याला नेहमीच्या. पहिल्या गटाच्या भेटी साधारण ५ झाल्या, दुसऱ्याच्या ८. कमी वजनाची बाळे, प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून झटक्यांपर्यंत जाऊ शकणारा विकार), बाळंतपणानंतरचा तीव्र रक्तक्षय आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांत दोन्ही गटांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. त्यामुळे कमी साधनांच्या देशांनी चार भेटींची पद्धत स्वीकारावी असा सल्ला पुढे आला आणि बहुतेक देशांनी तो मानला.

तथापि हीच माहिती पुन्हा तपासली गेली तेव्हा चित्र बदलले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फेरविश्लेषणात कमी भेटींच्या गटात ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान पोटातच बाळ दगावण्याचे प्रमाण अधिक दिसले. झिंबाब्वेतील दोन चाचण्यांसह ही माहिती एकत्र करणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या समीक्षेत कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत, जिथे कमी भेटींच्या गटातल्या अनेक स्त्रियांच्या पाचपेक्षाही कमी तपासण्या होत होत्या, तिथे जन्माच्या आगेमागे होणारे बाळमृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी अधिक आढळले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने सीमारेषेवरचा आहे. तरी माझ्या मते तो गंभीरपणे घ्यावा, कारण तो नेमका कुठे पडतो याला अर्थ आहे. चार भेटींच्या वेळापत्रकात ३२ व्या आठवड्यानंतरची भेट थेट ३६ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान होती. रक्तदाब झपाट्याने चढण्याचा, बाळाला पोसणाऱ्या वारेने नीट काम न केल्याने बाळाची वाढ खुंटण्याचा आणि आईला हालचाल कमी जाणवू लागण्याचा हाच काळ असतो, आणि त्या काळात तिला तपासायला कोणीच नव्हते. कार्यकारण याच वाटेने जाते हे सिद्ध झालेले नाही. प्रत्यक्ष काम करताना मला मात्र हीच वाट सर्वांत संभाव्य वाटते. शिवाय कमी भेटी मिळालेल्या स्त्रिया सर्वच ठिकाणी कमी समाधानी होत्या, आणि त्यांचे म्हणणेही मी पुराव्यातच धरते.

२०१६ मध्ये आठ भेटींचा सल्ला आला तो या पार्श्वभूमीवर. त्यातल्या पाच भेटी शेवटच्या तीन महिन्यांत आहेत, हे त्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचे आहे. चार भेटी अपुऱ्या पडतात याला बऱ्यापैकी आधार आहे. बरोबर आठच हव्यात, सात चालणार नाहीत, याला तसा आधार नाही. म्हणून एखाद्या देशात आज सरासरी तीन भेटी होत असतील, तर आठचा आग्रह धरून सगळ्यांना निराश करण्यापेक्षा ३०, ३४ आणि ३६ आठवड्यांच्या भेटी आधी पक्क्या करणे मला शहाणपणाचे वाटते.

आता कळीचा मुद्दा असा की ‘बाळंतपणाचे परिणाम’ ही एकच गोष्ट नाही. बाळाचे वजन पुष्कळ अंशी आईचे गरोदरपणाआधीचे पोषण, तिची उंची, तिचे वय आणि दोन बाळंतपणांतले अंतर यांवर ठरते. पाचव्या महिन्यात सुरू झालेल्या तपासण्यांनी ते फार बदलेल अशी अपेक्षा ठेवली तर कार्यक्रम चांगला चालूनही अपयशी ठरवला जाईल. मृत जन्मांपैकी ४० टक्क्यांहून अधिक बाळे कळा सुरू झाल्यानंतर दगावतात. त्यांना वाचवते ते प्रसूतिकक्षातले लक्ष, बाळाच्या ठोक्यांवरची नजर आणि वेळेवर होणारे सिझेरियन. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव कोणाला होईल हे सातव्या महिन्यात कितीही बारकाईने तपासले तरी खात्रीने सांगता येत नाही. तिथे प्रसूतीनंतर लगेच दिलेले, गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिनच कामाला येते. २०२३ साली कमी उत्पन्नाच्या देशांत दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ३४६ माता दगावल्या, तर श्रीमंत देशांत सुमारे १०. ही दरी केवळ तपासण्यांच्या संख्येने बुजणारी नाही.

याउलट काही गोष्टी तपासणीनेच साधतात, आणि त्यांची वेळ ठरलेली असते. सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारासाठी रक्त तपासून बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यायचे, तर ते प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी आणि शक्य तितक्या लवकर द्यावे. उपचार न झालेल्या सिफिलिसमध्ये जवळपास निम्म्या किंवा त्याहून अधिक गरोदरपणांत बाळावर गंभीर परिणाम होतात. प्री-एक्लॅम्पसियाचा धोका असलेल्या स्त्रीला कमी मात्रेची ॲस्पिरिन २० आठवड्यांच्या आधी सुरू व्हायला हवी. गरोदरपणाचे आठवडे निश्चित करणारी सोनोग्राफी २४ आठवड्यांच्या आत हवी. आफ्रिकेतल्या मलेरियाप्रवण भागांत दुसऱ्या तिमाहीपासून किमान एकेक महिन्याच्या अंतराने सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या मलेरिया टाळणाऱ्या औषधाचे निदान तीन डोस द्यायचे असतात, आणि तिथे भेटींची संख्या वाढवणे म्हणजे थेट औषधाचे डोस वाढवणे होय. जिथे मलेरिया नाही तिथे हा फायदा मिळणार नाही. म्हणूनच एका देशातला निष्कर्ष दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लावता येत नाही.

एखाद्या केंद्रावर पाहणीला गेले की मी आधी गरोदर मातांच्या नोंदवहीतला रक्तदाबाचा रकाना वाचते. पानभर ११०/७०, ११०/७०, १२०/८०, ११०/७० असे आकडे दिसले की समजावे, इथे तपासण्या होतात पण रक्तदाब मोजला जात नाही, किंवा घाईघाईत मोजून अंदाजे लिहिला जातो. खऱ्या मोजणीत ११४/७२ आणि १२६/८४ असे ओबडधोबड आकडे येतात आणि मधूनच एखादा १४६/९४ दिसतो. मग मी त्या १४६/९४ च्या ओळीवर बोट ठेवते आणि ‘हिचे पुढे काय केले?’ असे परिचारिकेला विचारते. आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्या उत्तरात असते.

कारण ३४ आठवड्यांच्या पहिलटकरणीचा रक्तदाब १४६/९४ भरला, तर काम तिथून सुरू होते. तिला शांत बसवून, दंडाला नीट बसणारी पट्टी बांधून, काही वेळाने पुन्हा मोजायचे. लघवीत प्रथिने आहेत का ते पाहायचे. डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, पोटात वरच्या बाजूला दुखते का हे विचारायचे. रक्तदाब १६०/११० वर गेला किंवा ही लक्षणे दिसली, तर रक्तदाब उतरवणारे औषध, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस आणि लगेच मोठ्या रुग्णालयात रवानगी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार स्त्रियांमध्ये मॅग्नेशियम सल्फेटमुळे झटके येण्याचा धोका निम्म्याहूनही कमी झाला. इतके स्वस्त आणि इतके परिणामकारक औषध दुसरे क्वचितच असेल. पण केंद्रावर लघवी तपासण्याची पट्टी नाही, औषध कपाटात कुलूपबंद आहे, गाडी नाही आणि पाठवलेल्या स्त्रीला मोठ्या रुग्णालयातून ‘दिवस भरले की या’ असे सांगून परत पाठवले जाते, अशी स्थिती असेल, तर आठवी काय आणि बारावी काय, त्या तपासणीने फक्त एक आकडा लिहिला जाईल. अशी परत पाठवलेली स्त्री झटके येत असताना पुन्हा आणली जाते, तेव्हा तिच्या कार्डावर सगळ्या तपासण्या झालेल्या असतात, हे पाहण्यासारखे दुःख माझ्या कामात दुसरे नाही.

एकच उपाय परिस्थितीनुसार किती वेगळा वागतो याचे उदाहरण स्टिरॉइडच्या इंजेक्शनचे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून ते आईला देतात. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत अर्जेंटिना, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या देशांत त्याचा वापर समाजपातळीपर्यंत वाढवला गेला, तेव्हा अपेक्षेच्या उलट एकूण नवजात मृत्यू वाढले. आठवड्यांचा अंदाज चुकून ज्यांना गरज नव्हती अशा अनेकींना ते मिळाले आणि जंतुसंसर्गाचे प्रमाणही वाढले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान इथल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे निश्चित करून आणि बाळाची पुढची काळजी घेण्याची सोय असताना तेच औषध दिले, आणि बाळे वाचली. आपल्या आखणीत कोणताही उपाय घालताना हा अनुभव समोर ठेवावा.

भारत, पाकिस्तान आणि मोझांबिक येथे आरोग्यसेविकांनी घरोघर जाऊन रक्तदाब मोजण्याची आणि गरज पडल्यास उपचार सुरू करून पुढे पाठवण्याची चाचणी झाली. त्यातही एकंदर मृत्यू व गुंतागुंतींत फरक पडला नाही. आठ किंवा अधिक भेटी मिळालेल्या स्त्रियांत मृत जन्म कमी होते असे तिथेही दिसले आणि त्यावर बराच आनंद व्यक्त झाला. पण वर सांगितलेला ३३ आठवड्यांचा हिशेब इथेही आड येतो, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही.

तपासण्या दुप्पट करायच्या तर परिचारिकेचा वेळ कुठून येणार, हेही आधीच ठरवावे लागेल. चार भेटींच्या पद्धतीतही पहिल्या भेटीला ३० ते ४० मिनिटे आणि पुढच्या प्रत्येक भेटीला सुमारे २० मिनिटे अपेक्षित होती. मनुष्यबळ तेवढेच ठेवून भेटी दुप्पट केल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला निम्मा वेळ येतो, आणि वेळ कापला की सर्वांत आधी समुपदेशन जाते, मग रक्तदाबाची दुसरी मोजणी जाते आणि शेवटी पहिलीही अंदाजे होऊ लागते. स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर एका तपासणीत अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते आणि वर उशिरा आल्याबद्दल बोलणी खावी लागतात. कार्ड नसेल तर ऐन कळांच्या वेळी दवाखान्यात घेणार नाहीत, या भीतीने केवळ कार्ड काढण्यापुरत्या येणाऱ्या स्त्रिया अनेक देशांत आहेत. अशा स्त्रीला नीट वागवले आणि तिची तपासणी खरोखर केली, तर पुढच्या भेटीला ती न बोलावता येते, असा माझा सातत्याचा अनुभव आहे. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात गावोगावी महिलांचे गट चालवून केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नवजात मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. दवाखान्याच्या भिंतीबाहेर होणारे कामही याच निधीवर हक्क सांगू शकते.

निधी माझ्या हाती असता तर मी पहिला वाटा प्रत्येक केंद्रावर चालू स्थितीतले रक्तदाबाचे यंत्र, लघवीच्या पट्ट्या, हिमोग्लोबिन व सिफिलिसची जागेवरची तपासणी, लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि मॅग्नेशियम सल्फेट यांचा अखंड पुरवठा यावर लावला असता. दुसरा वाटा पाठवणीच्या गाडीवर आणि पाठवलेली स्त्री परत न जाता दाखल होईल या व्यवस्थेवर. तिसरा ३० आठवड्यांनंतरच्या जादा भेटींसाठी लागणाऱ्या परिचारिकांवर. लवकर नोंदणीसाठीचा खर्च मी या तिन्हींबरोबरच सुरू केला असता, पण सिफिलिस आणि सोनोग्राफीची सोय झाल्यावरच त्याची गती वाढवली असती. एखाद्या देशात ही साधने आधीच जागेवर असतील तर हा क्रम उलटा करून जादा भेटी आधी घ्याव्यात. तेवढी माहिती आपण केंद्रांवर जाऊन एका आठवड्यात गोळा करू शकाल.

आणि मोजमाप बदलावे. ‘आठ तपासण्या झालेल्या स्त्रियांचे प्रमाण’ हा एकच निर्देशक ठेवला तर केंद्रे आठ नोंदी करून दाखवतील. त्याऐवजी ३० ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान किती स्त्रियांचा रक्तदाब किमान दोनदा मोजला गेला, १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळलेल्यांपैकी कितींना त्याच दिवशी उपचार किंवा पुढची रवानगी मिळाली, आणि सिफिलिस आढळलेल्यांपैकी कितींना इंजेक्शन मिळाले, हे तीन आकडे दर तिमाहीला मागवावेत. मृत जन्म नोंदवताना बाळ कळांच्या आधी गेले की नंतर, हा एक रकाना वाढवावा. आधी गेलेली बाळे अधिक असतील तर शेवटच्या महिन्यांतल्या भेटींवर आणि त्यात होणाऱ्या कामावर जोर द्यावा. नंतर गेलेली अधिक असतील तर निधीचा ओघ प्रसूतिकक्षाकडे वळवावा.